बाबा सिरियस होते तेव्हा

आमच्या घरात इंग्रजी बोलता कुणालाच येत नव्हतं आणि इंग्रजीवाचून कुणाचं एक वाक्य पुरं होत नव्हतं. नवीन पनवेलला, खांदा कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. सकाळी कुकरची पहिली शिट्टी झाली की आईचा दिवस सुरू व्हायचा. त्या दिवसात गॅस संपायचा, लाइट जायची, मिक्सर जळायचा, खालच्या काकूंना ‘बीपी’ असायचं, समोरच्या आजोबांना ‘शुगर’ असायची आणि कुणाच्या तरी सुनेची ‘नॉर्मल’ झालेली असायची. बाहेरच्यांशी बोलताना बाबा ‘आमचे मिस्टर’ असत. बांगड्या, टिकल्या, सेफ्टी पिना आणायला आई ‘कटलरी’च्या दुकानात जायची. कटलरी म्हणजे काटे-चमचे हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असेल. पण काटे-चमच्यांच्या दुकानात मी कशाला जाईन?” दुपारची झाकपाक झाली की ती भिजवून मोड आणलेले वाल परातीत घेऊन सोलायला बसायची. साल निघताना दाणा बोटातून सुळकन निसटून पितळी परातीवर टण्णकन पडायचा. तो आवाज आणि शेजारच्या घरातली टीव्हीवरची मालिका, अशी आमची दुपार. कुणी वारल्याची बातमी असली की आईचा आवाज खाली यायचा. “ते ऑफ झाले,” ती म्हणायची. ‘मेले’ म्हणणं उद्धट, ‘वारले’ म्हटलं की काळजात धस्स होतं. ‘ऑफ’ म्हटलं की माणूस कुणाला न दुखवता जातो.

बाबा मुंबईत एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचं इंग्रजी लिहिण्यापुरतं होतं आणि ते फार देखणं होतं. साहेबांची पत्रं तेच लिहीत. ‘विथ रेफरन्स टु’, ‘द सेम’, ‘काइंडली’ आणि ‘अ‍ॅट युवर अर्लिएस्ट’ या चार खांबांवर त्यांनी सगळी नोकरी उभी केली होती. स्वभावाने गंभीर. रागीट म्हणणार नाही, आम्हां दोघा बहीणभावांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण हसताना पाहिल्याचंही आठवत नाही. घरात विनोद झाला की ते चष्म्यावरून बघत आणि हसणं संपायची वाट पाहत, जसं कुणी फाटक उघडायची वाट पाहतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे बँकेच्या परीक्षा द्यायच्या हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं ते विचारायचं नाही. ते ठरलेलं होतं.

त्याच सुमारास स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुनीरभाईंनी सायबर कॅफे काढला. आधी तिथे त्यांचा एसटीडी बूथ होता. बूथ तसाच ठेवून त्यांनी मागच्या भिंतीला लागून प्लायवूडचे कप्पे केले आणि त्यात कॉम्प्युटर बसवले. पंखा डोक्यावर, आणि फोनची लाइन जोडताना यंत्रातून निघणारी ती कण्हल्यासारखी किरकिर. आताच्या मुलांना तो आवाज माहीत नाही. माझ्या मुलीला मी एकदा तोंडाने करून दाखवला, तर तिने मला पाणी आणून दिलं. मुनीरभाई गल्ल्यावर बसून म्हणत, “आज नेट जरा सुस्त आहे, बेटा. सब्र कर.” मी प्रोजेक्टसाठी माहिती शोधायला जात असे. कीटकांवर काहीतरी होतं ते. शोधता शोधता मी एका ग्रुपवर जाऊन पडले. जगाच्या चार कोपऱ्यांतली माणसं तिथे जमून इंग्रजीच्या खोड्या काढत बसली होती.

तिथे मुख्य बोलणारे तिघं. डेरेक हा उत्तर इंग्लंडमधला निवृत्त बस ड्रायव्हर. त्याच्या गावात दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि रात्रीच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. त्यामुळे त्याच्या लंडनच्या सासूबाई चहाला म्हणून घरून पोटभर जेवून आल्या आणि टेबलावरचं भरलेलं ताट बघून रडकुंडीला आल्या, ही गोष्ट तो निरनिराळ्या तऱ्हेने सांगायचा. मिरियम कॅनडातली शाळामास्तरीण. तिला शब्दांच्या चुका दिसल्या की अंगावर पुरळ उठायचं. आणि ग्रेस नायजेरियातली, लागोसच्या एका इस्पितळात नर्स. पहिल्या दिवशी मी नुसतं वाचलं. त्या दिवशी मिरियमने प्रश्न टाकला होता: अलार्म ‘ऑफ’ होतो म्हणजे वाजायला लागतो आणि दिवा ‘ऑफ’ होतो म्हणजे बंद पडतो, असं का? डेरेकने लिहिलं, दूधही ‘ऑफ’ होतं, म्हणजे नासतं. मला राहवलं नाही. एकेक अक्षर शोधत मी टाइप केलं, की आमच्याकडे पनवेलला माणूसही ‘ऑफ’ होतो. थोड्या वेळाने उत्तरांचा पाऊस पडला. तो वाजतो की नासतो, असं डेरेकने विचारलं. मिरियमने, मला आठवतं, नुसतं ‘सुंदर’ एवढंच लिहिलं.

मग मी आठवड्यातून एकदोनदा जायला लागले. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या मुलींचा घोळका वेगळा बसायचा आणि मी त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. या ग्रुपवर मात्र मी आईचं इंग्रजी सांगायला लागले आणि तिथली माणसं त्याची वाट बघायला लागली. नवरा म्हणजे ‘मिस्टर’, शर्ट खोचणं म्हणजे ‘इन करणं’, आणि नाइट गाऊन घालून सकाळी दुधाच्या पिशव्या आणायला जाणाऱ्या आमच्या कॉलनीतल्या बायका. एकदा मी लिहिलं, की आम्ही निघताना ‘येते’ म्हणतो. जाते म्हणणं अशुभ. तेव्हा ग्रेसने लिहिलं, “आम्हीही इंग्रजीत तेच करतो! दारातून बाहेर पडताना ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणतो. इंग्रज पाहुणा बिचारा वाट बघत बसतो, की ही येतेय कुठून.” समुद्रापलीकडे कुणीतरी आमच्याच दारातून बाहेर पडतंय असं मला वाटलं. डेरेक मध्यंतरी गेला. खूप वर्षांनी, चांगला म्हातारा होऊन. ग्रेसने मला फोनवर तीन शब्द पाठवले, “डेरेक इज ऑफ.” आईचा शब्द तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता आणि बरोबर त्याच्या जागी वापरला.

बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “ही कोण माणसं? ओळख ना पाळख.”

“ओळख झालीय आता,” मी म्हटलं.

“आणि काय लिहितेस त्यांना?”

आईने वालाच्या बिरड्याचा डाव माझ्या ताटात उपडा केला आणि म्हणाली, “माझं इंग्लिश शिकवते त्यांना. खाऊ दे तिला.”

बाबा काही वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, “इंग्रजी हे साधन आहे, शुभा. विळी असते तशी. विळीशी खेळत नाहीत.”

मनातून मला ते पटलं नव्हतं आणि पटलं नव्हतं याची मला जराही लाज वाटली नाही, हे आठवून आज माझं मलाच कौतुक वाटतं.

ते झालं एका सकाळी. बाबा दाढी करत होते. गॅलरीतल्या आरशासमोर, रेडिओ लावून. अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला आणि ते भिंतीला हात लावून खाली बसले. आवाज नाही, काही नाही. आई चहा घेऊन आली तेव्हा त्यांचा बनियन घामाने भिजलेला होता आणि ते डाव्या हाताकडे असं बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. शेजारच्या कुलकर्णीकाकांनी गाडी काढली. भाऊ तेव्हा नाशिकला हॉस्टेलवर होता. पनवेलच्या एका इस्पितळात बाबांना आयसीयूत नेलं आणि काचेचं दार आमच्या तोंडावर बंद झालं. अर्ध्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. आई मला सारखी सांगत होती, “अगं, त्यांचा चेहरा पुसायचा राहिला.”

दुपारी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते. “हार्ट अटॅक आहे. मोठा आहे. आत्ता सिरियस आहेत, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही,” ते म्हणाले. आई बाकावर बसली ती बसलीच. त्याच बाकावर जवळच्या ओवे गावची एक म्हातारी बसली होती, तिचाही नवरा आत होता. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आमचा म्हातारा पन सिरेस हाय, बाय. कालपासना. पन तुमी काय खाल्लंव का नाय?” आणि तिने फडक्यातली तांदळाची भाकरी अर्धी तोडून आईच्या हातात दिली. आईने ती खाल्ली. दिवसभरात तिच्या पोटात गेलेलं तेवढंच.

भावाला आणि आत्याला फोन करायला मी मुनीरभाईंच्या बूथवर गेले. फोन झाले. मुनीरभाईंनी सगळं ऐकलेलंच होतं. “अल्ला खैर करेल,” ते म्हणाले आणि पैसे घेईनात. आतला एक कॉम्प्युटर रिकामा होता. त्या दिवशी मी माझ्या नावाने ‘मंगळवारचा शब्द’ टाकायचा असं ग्रुपवर ठरलेलं होतं. वाट बघतील म्हणून मी उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या: माय फादर इज सिरियस. ही इज अ‍ॅडमिटेड. आय विल नॉट कम फॉर सम डेज. आणि परत आले. रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, गेली एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ हॉस्टेलवरून निघाला का ते विचारायला मी पुन्हा बूथवर गेले. भाऊ निघाला होता. मुनीरभाई म्हणाले, “तुझ्या दोस्तांची खबर तरी घे, बेटा. जरा मन हलकं होईल.” मी बसले.

सगळ्यात वर डेरेक होता. “माझाही बाप सिरियसच होता,” त्याने लिहिलं होतं. “सबंध आयुष्यात एकदा हसला, तेही आमचा शेजारी जिन्यावरून पडला तेव्हा. काळजी करू नको, अशा बापांना काही होत नाही.” त्याच्याखाली मिरियम: “अ‍ॅडमिट केलं? काय कबूल केलं त्यांनी? आम्हाला सगळं ऐकायचंय!” त्याच्याखाली आणखी कुणीकुणी. कुणी म्हणत होतं गुन्हा कबूल केला असेल, कुणी म्हणत होतं की ते शेवटी कुठल्या तरी क्लबात दाखल झाले असतील.

मी त्या पडद्याकडे बघत राहिले. वाटलं, ही माणसं कोण आहेत? माझा बाप तिकडे नळ्यांमध्ये पडलाय आणि ही माणसं हसताहेत. बाबांचं बरोबर होतं. ओळख ना पाळख. मी उठायला लागले, पण पान खाली सरकवायचं राहिलं होतं म्हणून सरकवलं. खाली ग्रेस होती. तिचं पत्र मला जवळजवळ तोंडपाठ आहे.

“गाढवांनो, गप्प बसा,” तिने लिहिलं होतं. “आमच्याकडेही ‘अ‍ॅडमिटेड’ म्हणजे इस्पितळात. माणूस सिरियस आहे म्हणजे मरणाच्या दारात आहे. शुभा, हृदय आहे का? आईजवळ कोण आहे? डॉक्टरांना विचार की गुठळी विरघळवणारं औषध दिलं का, आणि कधी दिलं. आणि जेवून घे. नर्स म्हणून सांगते, रोग्याच्या मुली जेवत नाहीत आणि मग आम्हाला दोन खाटा लागतात.”

तिच्या खाली डेरेकचं एकच वाक्य होतं. त्याला माझ्या डोळ्याला डोळा देता येत नाही, एवढंच. त्यानंतर ग्रुपवर कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. एवढी बडबडी माणसं, सगळी गप्प होऊन बसली होती.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी डेरेकचं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. या खेपेस मला दिसलं, की त्याने माझ्या बाबांचंच वर्णन केलं होतं. सबंध आयुष्यात एकदा हसला. शेजारच्या कप्प्यात मुलं कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळत होती, बंदुका वाजत होत्या, आणि मी हसायला लागले. मग मी पाठ ताठ केली आणि लिहायला घेतलं. शब्द शोधावा लागला नाही, कॉलेजातल्या त्या घोळक्याची आठवण झाली नाही, मराठीतून भाषांतर करून घ्यावं लागलं नाही. “आमच्या पनवेलला,” मी लिहिलं, “सिरियस माणसं दोन प्रकारची असतात. एक कधी हसत नाहीत ती, आणि दुसरी, पुन्हा कधी हसतील की नाही हे माहीत नसलेली. माझे बाबा जन्मापासून पहिल्या प्रकारात होते. कालपासून दोन्ही प्रकारांत आहेत. तुम्ही चुकला नाहीत. तुम्हाला निम्मंच कळलं. निम्मं माझ्या भाषेत होतं. तीही इंग्रजीच आहे, आणि मी ती बदलणार नाही.”

वाचून पाहिलं. त्यात चूक असेलही. पण ते माझं होतं. तिथून उठले तेव्हा पुढे मला काय करायचं आहे ते मला माहीत झालेलं होतं, आणि बाबा अजून आयसीयूत होते.

इस्पितळात जाऊन मी डॉक्टरांना गुठळीच्या औषधाचं विचारलं. त्यांनी मान वर केली, कालच दिल्याचं सांगितलं आणि वेळही सांगितली. त्यानंतर ते आमच्याशी जरा बसून बोलायला लागले. संध्याकाळी बाबांनी पाणी मागितलं. आईने आधी त्यांचा गाल पुसला.

ओव्याचा म्हातारा मात्र त्याच आठवड्यात गेला. म्हातारी आईला सांगायला आली, दारात उभी राहिली आणि काही बोललीच नाही. आईने तिला जवळ घेतलं. आईलाही शब्द सापडला नाही.

बाबांना वॉर्डात हलवल्यावर मी एका दुपारी त्यांना मोसंब्याची फोड देत होते. ते छताकडे बघत पडले होते. म्हणाले, “तुझी ती माणसं. त्यांना कळवलंस का?”

“कळवलं.”

“काय म्हणाले?”

सांगू की नको? मग सगळं सांगितलं. सिरियस, अ‍ॅडमिट, डेरेकचा बाप, जिन्यावरून पडलेला शेजारी, काय कबूल केलं म्हणून विचारणारी मिरियम. बाबा ऐकत होते. त्यांची भुवई हलली. मग पोट हलायला लागलं. मला वाटलं पुन्हा काही होतंय. मी बेलकडे हात नेला. बाबा हसत होते. तोंड मिटून, डोळ्यांतून पाणी काढत, छातीवर हात दाबून. सिस्टर धावत आल्या. “काका, काय करताय! हसवू नका हो यांना, टाके नाहीत पण हार्ट आहे!”

“सिस्टर,” बाबा धापा टाकत म्हणाले, “मी अ‍ॅडमिट करतो.”

सिस्टरना काही कळलं नाही. त्यांनी बीपी मोजलं आणि मला बाहेर काढलं.

घरी आल्यावर त्यांना रोज थोडं चालायला सांगितलं होतं. आई स्वेटर घालायला लावायची, पनवेलच्या उकाड्यातसुद्धा. एका संध्याकाळी चालता चालता बाबा मुनीरभाईंच्या दुकानासमोर थांबले. “दाखव,” म्हणाले. मुनीरभाई उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची आत सरकवली आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. बाबांनी चष्मा पुसला आणि सगळी पत्रं वाचली. पहिल्यापासून. माझं ‘दोन प्रकारां’चं पत्र आलं तेव्हा ते बराच वेळ पुढे सरकले नाहीत. मी पंख्याकडे बघत बसले.

“लिहून घे,” ते शेवटी म्हणाले. आणि त्यांनी साहेबाच्या पत्राचा मजकूर सांगावा तसा सांगितला. मोठ्याने, थांबून, स्वल्पविरामांसकट. “रिस्पेक्टेड फ्रेंड्स. विथ रेफरन्स टु युवर जोक रिगार्डिंग माय सिरियसनेस, आय हॅव टु स्टेट दॅट द सेम इज नाऊ अंडर कंट्रोल. काइंडली कंटिन्यू टु जोक.”

“खाली काय लिहू?” मी विचारलं.

“युवर्स फेथफुली. आणि शुभाचे वडील, असं लिही.”

डेरेकने ते पत्र छापून स्वयंपाकघरात लावलं असं नंतर कळवलं. ‘द सेम इज अंडर कंट्रोल’ हे त्या ग्रुपचं खुशाली सांगायचं वाक्य होऊन बसलं. मिरियमसुद्धा ते वापरायला लागली, पुरळ न उठता.

परत येताना वाटेत बेकरी लागली. बाबांना खारी मना होती. त्यांनी ती माझ्यासाठी घेतली आणि पुडा स्वतःच धरून चालत राहिले. बागेत मुलांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालला होता. मी म्हटलं, “बाबा, मला बँकेच्या परीक्षा द्यायच्या नाहीत. मला एम.ए. करायचंय. इंग्रजीत. बी.एस्सी.नंतर करता येतं, मी चौकशी केलीय.”

बागेचं कुंपण संपलं, पाण्याची टाकी आली. चालताना धाप लागते म्हणून ते बोलत नसतील, असं मी स्वतःला सांगितलं. आणि ‘नाही’ आलं तरी करायचंच, हेही त्याच दमात सांगितलं. टाकीपाशी ते थांबले, कट्ट्यावर टेकले, पुडा मांडीवर ठेवला.

“पुण्याला की मुंबईला?” त्यांनी विचारलं.

“मुंबईला.”

“मग मला ड्युटीवर घेतलं की आपण एकाच गाडीने जाऊ,” बाबा म्हणाले आणि पुड्याची सुतळी सोडायला लागले.